मेंदूच्या लहरी आणि वयाचे माप



कावेरीकाठचे कुंभकोणम् मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले ते एक नामांकित क्षेत्र होते. परंतु आज त्या गावाचे नाव घ्यायचे कारण तिथला एक विद्यार्थी आहे. श्रीनिवास रामानुजन् यांचे बालपण याच गावात, सारंगपाणी मंदिराजवळच्या एका लहानशा घरात गेले. १९०४ साली गणितातल्या गुणवत्तेच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळवून ते तिथल्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. आणि गणिताखेरीज दुसऱ्या कशातही मन रमेना, म्हणून इतर विषयांत मागे पडून ती शिष्यवृत्ती गमावून बसले. विद्यार्थ्याची बुद्धी तोकडी नव्हती, ती मोजण्याचे माप तोकडे होते.

परीक्षेच्या मापापेक्षा काही अधिक नेमके माप मिळेल काय? रामानुजन् १९२० साली निवर्तले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ साली, जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या वैद्याने माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा पहिला आलेख घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. आज दवाखान्यात आपण ज्याला ‘ईईजी’ म्हणतो तो हाच. डोक्याच्या त्वचेला धातूच्या लहान चकत्या लावायच्या आणि मेंदूतल्या पेशींच्या एकत्रित व्यापारातून उमटणारा विद्युत्-दाब टिपायचा. हा दाब इतका सूक्ष्म असतो, की तो व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. तरी त्याला लय असते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला सुमारे दहा आंदोलनांची ‘अल्फा’ लहर दिसते. डोळे उघडताच ती मंदावते.

या लहरींना वय असते, हे लवकरच ध्यानात आले. तीनचार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यामागील लय सेकंदाला तीनचार आंदोलनांची असते. वर्षाचे होईतो ती सहाच्या आसपास जाते, तीन वर्षांनी आठपर्यंत, आणि दहाबारा वर्षांच्या सुमारास प्रौढांच्या लयीला मिळते. पुढे उतारवयात ती पुन्हा किंचित संथ होते. दुसरीही एक खूण आहे. एकसारख्या आवाजांच्या मालिकेत मध्येच एखादा वेगळा आवाज आला आणि ऐकणाऱ्याने तो ओळखला, की तरुण माणसाच्या मेंदूत सेकंदाच्या तीन-दशांशाच्या सुमारास एक लहर उसळते. लहान मुलांत तिला उशीर लागतो. वाढत्या वयाबरोबर तो उशीर कमी होतो, आणि प्रौढपणानंतर तो हळूहळू पुन्हा वाढू लागतो. समजुतीची वाढ आणि तिचे मंदावणे जणू घड्याळावर वाचता यावे, असे हे साधन आहे.

पण हे आकडे आले कोठून? त्यांतले बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत जमले. तिथे येऊ शकणारी माणसे म्हणजे शिकलेली, शहरातली, बऱ्या परिस्थितीतली. त्यांचे कोष्टक साऱ्या मनुष्यजातीला लावायचे काय?

या प्रश्नाला खुद्द आपल्या देशातून एक उद्बोधक उत्तर मिळाले आहे. धन्या परमेश्वरन्, तारा त्यागराजन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०२ भारतीयांच्या मेंदूलहरी तपासल्या आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या माणसांत दिवसाला एका डॉलरहूनही कमी मिळवणारे होते, तसेच चारशेंहून अधिक मिळवणारेही होते. उत्पन्न वाढते तशी लहरींची गुंतागुंतही वाढते, असे त्यांना आढळले. शिक्षण आणि प्रवास यांच्याशी तर ही वाढ सरळ प्रमाणात होती. म्हणजे मेंदूचा आलेख केवळ जन्मतारीख सांगत नाही. माणूस किती शिकला, किती हिंडला, त्याच्या वाट्याला जग किती आले, याचीही छाया त्याच्यात पडते.

उतारवयाचीही अशीच नोंद होत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारवयातल्या दोनशेंहून अधिक नागरिकांच्या लहरी तपासल्या. पडद्यावर रेषांच्या आकृती दाखवल्या असता मेंदूत ज्या द्रुत ‘गॅमा’ लहरी उठतात, त्या वयाबरोबर क्षीण होतात, असे २०२० साली त्यांनी दाखवून दिले. स्मृती ढासळू लागलेल्यांत त्या, त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षाही अधिक क्षीण असतात, असे पुढील वर्षी आढळले. पुढे अधिक रुग्णांत हे पडताळून पाहिले गेले, तर आजीचे विसरणे हे वयाचे की आजाराचे, याचा सुगावा वेळेवर लागू शकेल.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गरिबाच्या लहरी साध्या दिसल्या म्हणून त्याची बुद्धी कमी, असे कोणी म्हणू लागला, तर ती विज्ञानाची विटंबना होईल. हा आलेख काळाचे मोजमाप सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत करतो. परंतु त्या लहरींतून कोणता विचार चालला आहे, हे त्याला सांगता येत नाही. रामानुजन् यांच्या डोक्याला त्या चकत्या लावल्या असत्या, तरी त्यांचे एकही समीकरण कागदावर उमटले नसते.

म्हणून आपल्या मुलांचा आणि वृद्धांचा आलेख आपल्याच गावांतून, सर्व थरांतून, वर्षानुवर्षे घेतला गेला पाहिजे. शहराइतकाच तो खेड्यातला हवा, शाळेत जाणाऱ्याइतकाच शाळा सुटलेल्याचाही हवा. शिष्यवृत्ती गमावूनही कुंभकोणम्‌चा तो विद्यार्थी जगाला दिसला, कारण त्याची वही पाहून जाणणारे कोणीतरी पुढे भेटले. प्रत्येकाला असे कोणी भेटेलच असे नाही. एखाद्या मुलाला मागासलेले म्हणण्यापूर्वी आपल्या हातातले माप कोणाच्या अंगावर बेतले आहे, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.