१२/५० म्हणजे काय?

आजचा एपिसोड एका अपूर्णांकाबद्दल आहे. १२/५०.

गेल्या नोव्हेंबरात मी लंडनच्या 'वुलिच कंटेम्पररी प्रिंट फेअर'ला गेलो होतो. जागा जुन्या रॉयल आर्सेनलची. एकेकाळी तिथे तोफा आणि दारूगोळा बनायचा. आता भिंतभर प्रिंट्स. कुठे लिनोवर कोरून छापलेल्या, कुठे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा उठवून. आणि स्क्रीन प्रिंट तर भरपूर.

अशाच एका तीन रंगांच्या स्क्रीन प्रिंटखाली पेन्सिलने लिहिलं होतं १२/५०. म्हणजे पन्नासांपैकी बारावी. किंमत १८० पाऊंड, आपले वीस हजारांच्या आसपास. मी पडलो कोडिंगवाला, कॉपी फुकट असते हे डोक्यात पक्कं. सरळ विचारलं, "कॉपीच आहे ना? मग पन्नासच का, पाचशे का नाही?"

चित्रकार बाई हसल्या. म्हणाल्या, पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढलं तर प्रत्येक छपाईच्या दाबाखाली रेघ झिजत जाते. तिथे आकडा पत्रा ठरवतो. स्क्रीनमधून पाचशे सहज निघतील. पन्नास हा फक्त माझा शब्द. तेवढ्या झाल्या की स्क्रीन धुऊन टाकते. आणि कॉपी कसली? मूळ चित्र वेगळं कुठे नाहीच, या पन्नासच मूळ.

मी गप्प. कारण स्क्रीन प्रिंटिंग मी लहानपणापासून बघत आलोय. मिरजेत बाबांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तीच लाकडी फ्रेम, तीच ताणलेली जाळी, तोच रबरी पट्टीने ओढलेला रंग. एका रंगावर दुसरा नेमका बसला नाही तर कार्ड बाद. पण बाबांचा हिशेब शेकड्यावर असायचा आणि बाद झालेली कार्डं त्यांच्या खिशातून जायची. तीन वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाची पत्रिका मी फोनवर दहा मिनिटांत केली आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. बाबा "छान झालीय" एवढंच म्हणाले. त्याच वर्षी दुकान बंद झालं.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा त्या प्रिंटजवळ नेला. बाबांनी किंमत विचारली नाही. म्हणाले, "लाल रंग शेवटी मारलाय. आणि बाद झालेल्यांचं काय करतात, विचार त्यांना."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "फाडून टाकते. नंबर मिळतो तो फक्त चांगल्यांना."

बाबा म्हणाले, "आम्ही त्यांच्या मागे उधारी लिहायचो."

मी ती प्रिंट घेतली नाही. खरं सांगायचं तर परवडत नव्हती. येताना ट्रेनमध्ये मात्र एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. इतकी वर्षं बाबांनी हजारो कार्डं छापली, पण एकाखालीही त्यांची सही नाही.

फ्रेम अजून माळ्यावर आहेत. पुढच्या महिन्यात घरी जातोय. बाबांना म्हटलं, आपण दोघं मिळून काहीतरी छापू, फक्त पन्नास.

ते म्हणाले, "जाळी सडली असेल. नवीन आणावी लागेल."

म्हणजे हो, असं मी धरलंय.

तुमच्या घरातही असं काही माळ्यावर पडलंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!