मालवणच्या पाण्याखालची पोवळी

प्रवाळ पाहायला अंदमान किंवा लक्षद्वीपच गाठायला हवं असं नाही. नवीन पनवेलकरांनी रात्री कोकणकन्या एक्स्प्रेस पकडली, की सकाळी कुडाळ आणि तिथून पुढे मालवण. तिथलं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या अगदी गाभ्यात. शिवरायांच्या तटाखाली, खडकांना धरून प्रवाळ वाढतात!

मुखवटा लावून, श्वासनळी तोंडात धरून पाण्यावर पालथं तरंगायचं. खाली खडकासारखं दिसतं ते जिवंत असतं. इवल्या जीवांनी चुन्याची घरं बांधलेली असतात आणि त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न आणि रंग पुरवतं. पाणी फार तापलं, की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. फटींतून पट्टेरी मासे ये-जा करतात. देवबागच्या बाजूला नशीब असेल तर डॉल्फिनही दिसतात.

पाणी स्फटिकासारखं नितळ असेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं. हिवाळ्याचे महिने त्यातल्या त्यात चांगले. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय उतरू नका.

आणि एक कळकळीची विनंती. प्रवाळावर पाय देऊ नका, तुकडा तोडून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलं आहे. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका, आणि होडीवाला प्रवाळावर नांगर टाकत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.