शिरेल, शेंगाचटणी आणि माझी चूक
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतलं भाषण)



मला आज ‘बचत गट आणि महिला सक्षमीकरण’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मागच्या सभेत याच विषयावर पाऊण तास भाषण झालं, आणि तुमच्यातल्या निम्म्या जणी पदराआड जांभया देत होत्या. मी मागं बसून बघत होते. म्हणून आज मी शिरेलींवर आणि स्वयंपाकावर बोलणार आहे. हसू नका, खरंच बोलणार आहे.

‘होम मिनिस्टर’ 2004 साली सुरू झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. आई भाकरी थापता थापता दारातून टीव्हीकडं बघायची. एक-दोन भाकऱ्या तरी रोज करपायच्याच. तिला पैठणीचं काही नव्हतं. ते आदेश भावोजी घरातल्या बाईला समोर बसवून विचारायचे, तुमचं नाव काय, लग्न कसं जमलं, तुम्हाला काय आवडतं. आई म्हणायची, “आपल्याला कुणी इचारलंय का कधी?” आता आपल्याकडं 8 मार्चला आणि हळदीकुंकवाला ‘खेळ पैठणीचा’ ठेवतात. तिथं ज्या बायका एरवी ठरावावर सही करायलाही लाजतात, त्याच माईक हातात घेऊन उखाणा घेतात. बघितलंय ना तुम्ही?

स्वयंपाकाचंही तसंच. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले. शाळा फक्त चौथीपर्यंत. लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. त्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि घराघरांत गेलं. त्यांनी काय केलं, तर आपल्या घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरलं. ‘अंदाजानं घाला’ म्हटलं की नव्या सुनेला काय कळणार? आणि अलीकडं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे, ‘आपली आजी’ म्हणून मोबाईलवर दिसतात त्या. सत्तरीच्या आसपास असताना नातवानं त्यांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. त्या बोलतात आपल्यासारखंच, आणि करतात आपल्याच घरातलं, म्हणून तर लाखो लोक बघतात.

आता माझी चूक सांगते. ज्या मावशीची ही गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतेय. नाव घेणार नाही.

मी नवीन होते. समाजकार्याची पदवी घेऊन आलेली, वहीत मीटिंगचे मुद्दे लिहिलेले, दशसूत्री तोंडपाठ. एका गटाची बैठक होती. बचत गोळा करता करता आदल्या रात्रीच्या मालिकेची चर्चा सुरू झाली. त्यात नवऱ्यानं बायकोला न विचारता तिचे दागिने गहाण टाकलेले. एक मावशी फार तावातावानं बोलत होती. एरवी ती परतफेडीचा विषय निघाला की खाली बघून बसायची. मी घड्याळ बघितलं, वीस मिनिटं गेलेली. मी म्हणाले, “मावशी, इथं टाइमपास करायला जमलोय का आपण?”

सगळ्या गप्प झाल्या. मला वाटलं, शिस्त लागली.

पुढच्या दोन बैठकांना मावशी आलीच नाही, बचत शेजारणीबरोबर पाठवली. तिसऱ्या आठवड्यात मी घरी गेले. ती उखळात शेंगाचटणी कुटत होती. ‘बस’ म्हणाली आणि कुटतच राहिली. आपल्या सोलापूरकडच्या चटणीचं तुम्हाला काय सांगायचं! दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो. तर असं दहा-पंधरा मिनिटं नुसतं कुटणंच. मग ती म्हणाली, “पोरी, त्या शिरेलीतली बाई म्हंजी मीच हाय. माझी बोरमाळ अन् कानातलं दोन वरसं झालं सावकाराकडं. म्हणून तर हप्ता थकतोय. सरळ सांगायला तोंड न्हाई, म्हणून शिरेलीचं बोलत हुते. तू तेवढंबी बोलू दिलं न्हाईस.”

मला काय उत्तर द्यावं कळेना. पदवीत हे शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर असणार.

मी माफी मागितली. पुढच्या बैठकीला ती आली आणि तिनं स्वतःच सगळं सांगितलं. गटानं तिला अंतर्गत कर्ज दिलं, कानातलं सुटलं. बोरमाळ अजून सुटलेली नाही. नवऱ्याशी त्यावरून भांडणं झाली, अजूनही होतात, ते काही मालिकेतल्यासारखं एका भागात मिटत नाही. पण ती आता चटणी विकते. पहिल्या दोन खेपा एकदम तिखट, तिसरी अळणी, आणि दुकानदारानं पाकिटं परत दिली. तेव्हा सूनबाईनं वाटी-चमच्याचं माप वहीत लिहून भिंतीला लावलं. मावशी आधी चिडली, “माझा हात काय खोटा हाय?” आता मात्र वाटीनंच मोजते. कुणी बघत नसलं की वरून चिमूटभर तिखट टाकतेच, हे मला सूनबाईनंच सांगितलंय.

त्यानंतर मी बैठकीचा एक नियम बदलला. हिशोब आधी, व्यवस्थित, वहीवर सह्या होईपर्यंत. त्यानंतर अर्धा तास मोकळा. मालिका, मोबाईलवरचा पदार्थ, कुणाचं बिघडलेलं पुरण, काहीही. मी वही मिटून ठेवते आणि ऐकते. काही सीआरपी ताईंना हे पटत नाही, वेळ जातो म्हणतात. जातोच. तुमच्या गावात जमतंय का ते तुम्ही ठरवा.

आता बोलणं पुरे. मागच्या टेबलावर मावशीची चटणी आणि कडक भाकरी ठेवलीय. पाकिटं विकत आहेत, पण चव घ्यायला पैसे नाहीत. आणि मावशी स्वतः तिथं बसलीय, तिला काल रात्रीच्या भागात काय झालं ते विचारा. माझा चुकला.