मधुमेह, दुर्बल हृदय आणि साखरेचा आकडा

(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार आपल्या देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर जाते. ज्यांच्या घरी या व्याधीचा रुग्ण नाही अशी कुटुंबे या सभागृहात थोडीच असतील. तेव्हा मधुमेहाच्या जोडीला ज्यांचे हृदयही दुर्बल झाले आहे, अशा वडीलधाऱ्यांविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. रक्त पुढे लोटण्याची त्याची शक्ती उणावते, किंवा त्याचा स्नायू ताठर होऊन ते पुरतेपणी भरत नाही. मग पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री एकावर एक उशा रचाव्या लागतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी रहिवाशांची तपासणी १९४८ पासून चालत आली आहे. तेथील १९७४ सालच्या निष्कर्षाप्रमाणे मधुमेही पुरुषांत हा विकार इतरांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आढळला. भगिनींनी हा दुसरा आकडा विसरू नये. कारण आपल्याकडे तपासणीला सर्वांत शेवटी जाते ती घरची गृहिणीच.

साखरेमुळे हृदय बिघडते, तर साखर जितकी खाली आणावी तितके बरे, असे कोणासही वाटेल. वैद्यकशास्त्रालाही तसेच वाटत होते. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या १०,२५१ मधुमेह्यांवर अमेरिका व कॅनडात एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचा कसून यत्न केला. उरलेल्यांची ७ ते ७.९ च्या दरम्यान राखली. कडक उपचारांच्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार थांबवावे लागले.

पुढे २००९ साली, मधुमेह व हृदयाची दुर्बलता हे दोन्ही विकार असलेल्या ५,८१५ अमेरिकन माजी सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा आकडा ७.१ ते ७.८ च्या दरम्यान होता, त्यांच्यात दोन वर्षांत शेकडा सुमारे १८ दगावले, ६.४ व त्याखालील गटात २५, आणि ९ च्या वरच्या गटात २३. यावरून कमी साखरेनेच ते गेले असे मात्र म्हणता येत नाही. क्षीण झालेल्या, अन्न न जाणाऱ्या रोग्याची साखर आपोआपच उतरते. तथापि आकडा उतरला म्हणून पेढे वाटण्याचे कारण नाही, इतके निश्चित.

साखर एकाएकी फार उतरली म्हणजे शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडते, नाडी धावू लागते, आणि दुबळ्या हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय अशा रोग्यांस बहुधा बीटा-ब्लॉकर नावाचे औषध चालू असते. त्याने धडधड व कंप ही धोक्याची चिन्हे झाकली जातात. घाम तेवढा सुटतो. आजोबांना दरदरून घाम आला तर पंखा लावून स्वस्थ बसू नये, साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीवर असतील, तर तत्काळ साखरपाणी द्यावे.

साखर कोणत्या औषधाने उतरविली, यालाही महत्त्व आहे. पायोग्लिटाझोनने साखर उतरते खरी, पण अंगात पाणी साचते. म्हणून दुर्बल हृदयाच्या रोग्यास ते वर्ज्य मानतात. उलट डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४,७४४ हृदयरोग्यांवरील प्रयोगात, विकार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे याचे प्रमाण शेकडा २१ वरून १६ वर आले. आणि नवल असे की, मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच लाभ झाला! म्हणजे हा गुण केवळ साखर उतरल्याचा नव्हे. शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता उपासाविषयी. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु संकष्टीस सकाळी नेहमीप्रमाणे इन्शुलिन टोचून घ्यायचे आणि पोटात अन्न जायचे ते चंद्रोदयानंतर, हा प्रकार घातक आहे. एकादशीस साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर झपाट्याने चढते, हे त्याचे दुसरे टोक. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने निराहार राहिल्यास रक्तात आम्ल साचण्याचेही भय असते. उपास करावयाचाच असेल तर त्या दिवशी कोणती मात्रा कमी करावी व कोणती वगळावी, हे डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून घ्यावे.

पापड, लोणचे आणि वरून घेतलेले मीठ याने पाणी साचते, म्हणून तेही आवरावे. रोज सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी वजन करून दिनदर्शिकेवर टिपावे. दोनतीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर साखरेचा आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.