ओळ होती, पण लागू झाली नाही

वाराणसीत मराठीतून बोलायची संधी मिळाली आहे, तर आधी इथलीच एक फजिती सांगतो. माझीच आहे.

गंगेची पातळी मोजणारं एक छोटं यंत्र आम्ही करत होतो. पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की भोंगा वाजला पाहिजे. वाराणसीची ही पातळी ७१.२६२ मीटर. पण प्रोग्रॅम आधी प्रयागराजसाठी लिहिलेला, आणि तिथला ८४.७३४ हा आकडा कोडमध्ये डिफॉल्ट म्हणून राहिलेला. वाराणसीचा आकडा मी मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्स या व्हेरिएबलला '+=' लावून जोडला होता.

टेबलावरच्या चाचणीत ७२ मीटरचं खोटं रीडिंग दिलं. भोंगा गप्प. ७३ दिलं, तरी गप्प. १९७८ च्या पुरात इथे पाणी ७३.९०१ पर्यंत चढलं होतं. म्हणजे तसा पूर आला असता तरी आमचं यंत्र शांतच!

बिल्ड करणारा मुलगा नवा होता. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर चिडलो, फाइल बदललीस म्हणून. तो एवढंच म्हणाला, "नहीं सर, लाइन तो वैसी ही है।"

ओळ खरंच तशीच होती. त्याने फक्त मेकची आज्ञा देताना तिच्यापुढेच सीफ्लॅग्सला एक ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिला होता. सगळेच देतात.

आता नियम बघा. मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिला. आज आपण बहुतेक जण ग्नू मेक वापरतो. त्यात एन्व्हायर्नमेंटपेक्षा मेकफाइल वरचढ, आणि मेकफाइलपेक्षा कमांड लाइन वरचढ. इथवर ठीक. पण '+=' दिसलं की आपण 'भर घाल' असं वाचतो. कमांड लाइनवरून किंमत आली, की फाइलमधली त्या व्हेरिएबलची प्रत्येक असाइनमेंट मेक सोडून देतो, भर घालणारीसुद्धा. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझ्या मशीनवर सीफ्लॅग्स एन्व्हायर्नमेंटमधून यायचं, आणि तिथे मात्र '+=' नीट भर घालतं. म्हणून माझ्याकडे भोंगा वाजत होता आणि त्या मुलाकडे नाही.

कोणता नियम कोणावर मात करतो, हा प्रश्न या शहराला जुना आहे बरं का. अठराव्या शतकात इथे राहणाऱ्या नागेश भट्टांनी, म्हणजे आपल्या काळ्यांनी, 'परिभाषेंदुशेखर' लिहिला. दोन सूत्रांत झगडा झाला तर नंतरचं बलवान, हा पाणिनीचा नियम. पण नित्य त्याहून बलवान, अंतरंग त्याहून, आणि अपवाद सर्वांत. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांनी त्याचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर केलं. मीही 'नंतरचं बलवान' एवढ्यावरच थांबलो होतो. ओळ फाइलच्या शेवटी आहे ना, मग चालेल!

आता दुरुस्ती. त्या ओळीआधी 'ओव्हरराइड' शब्द लिहिला की ती कमांड लाइनलाही जुमानत नाही. पण मी तसं केलं नाही. सीफ्लॅग्स हे वापरणाऱ्याचं व्हेरिएबल. ग्नूचे संकेतही तेच सांगतात. ज्याच्यावाचून प्रोग्रॅम चुकतो, ते त्यात ठेवायचंच नाही. पातळीसाठी वेगळं व्हेरिएबल केलं. किंमत आली कुठून हे विचारायला मेकमध्ये 'ओरिजिन' नावाचं फंक्शन आहे. ते बिल्डच्या सुरुवातीलाच छापायला लावलं. आणि कोडमधला डिफॉल्ट काढून टाकला. आकडा मिळाला नाही, तर कंपाइलच होऊ नये.

त्या मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोरच. दुसऱ्या दिवशी तोच सांगत आला, प्रयागराजचं बिल्ड अडलंय. तिथल्या मेकफाइलमध्ये आकडा कधी कोणी लिहिलाच नव्हता. तो त्यानेच लिहिला.