हायड्रोजन : हलका वायू, जड हिशेब
(चंदनसार येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आकाशातले हेरगिरीचे फुगे आणि हायड्रोजनचे इंधन हा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत वैज्ञानिक चमत्कारांची चर्चा म्हणजे चैन, असा आक्षेप एका तरुण कार्यकर्त्याने माझ्याजवळ बोलूनही दाखवला. तो आक्षेप मला मान्य नाही. या वायूवर हजारो कोटींचा सार्वजनिक पैसा खर्च व्हायचा आहे, आणि जिथे सार्वजनिक पैसा आहे तिथे हिशेब विचारणे हे आपले कामच आहे.

हायड्रोजन आपल्याला परका नाही. दसऱ्याला जीवदानीच्या पायथ्याशी भरणाऱ्या जत्रेत आपण सर्वांनी गॅसचे फुगे घेतले आहेत. पुष्कळ फुगेवाले लोखंडी नळकांड्यात पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून हा वायू जागच्या जागी तयार करतात. नळकांडे गंजलेले असले किंवा मिश्रण फार तापले की स्फोट होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. अशा स्फोटात मरणारा बहुधा परगावाहून आलेला गरीब फेरीवाला असतो. त्याच्या सुरक्षिततेसाठी कोणी मोहीम काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मोठ्या फुग्यांची गोष्ट वेगळी. २०२३ च्या फेब्रुवारीत एका चिनी फुग्याने सारे जग आठवडाभर खिळवून ठेवले. सुमारे साठ हजार फुटांवरून तो अमेरिका ओलांडत गेला आणि ४ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र सोडून तो पाडला. हा हवामानाचा फुगा वाट चुकला, असे चीनचे म्हणणे होते. तो हेरगिरीचा होता, असे अमेरिकेचे. परराष्ट्रमंत्र्यांचा बीजिंग दौरा पुढे ढकलला गेला. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी तीन वस्तू पाडल्या. सुमारे चार लाख डॉलरचे एकेक क्षेपणास्त्र ज्यांच्यावर खर्च झाले त्या वस्तू बहुधा खासगी किंवा संशोधनाच्या असाव्यात, असे खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले. जूनमध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने असेही म्हटले की, चिनी फुग्याने अमेरिकेवरून जाताना माहिती गोळा केली नाही, असा आपला निष्कर्ष आहे. पहिल्या बातमीला मिळालेली जागा या खुलाशाला मिळाली नाही. भीती पहिल्या पानावर येते आणि हिशेब आतल्या पानावर जातो, हे तिकडेही तसेच आहे.

अमेरिकेला या प्रकाराची नवलाई वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या आरंभी तिनेच कॅमेरे लावलेले पाचशेहून अधिक फुगे सोव्हिएत संघाच्या दिशेने सोडले होते. त्याही आधी, १९४४-४५ मध्ये, जपानने हायड्रोजन भरलेले नऊ हजारांवर कागदी फुगे बॉम्ब बांधून पॅसिफिकपार पाठवले. त्यांचा कागद चिकटवण्याच्या कामाला शाळकरी मुली जुंपल्या होत्या. एवढ्या खटाटोपातून ऑरेगॉनमधील एक गरोदर स्त्री आणि पाच मुले तेवढी मेली. इकडची मुले तिकडच्या मुलांसाठी मरण चिकटवीत बसली होती. युद्धाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

खरे तर हायड्रोजन आणि हेरगिरी यांची गाठ फार जुनी आहे. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये जॅक शार्लने हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला. तो खेड्यात उतरला तेव्हा भ्यालेल्या शेतकऱ्यांनी शेतीच्या अवजारांनी त्याच्या चिंध्या केल्या. पुढे अवघ्या अकरा वर्षांत, १७९४ साली फ्लरसच्या लढाईत, क्रांतिकारक फ्रान्सच्या सैन्याने फुग्यात माणूस बसवून शत्रूची हालचाल टिपली. क्रांतीच्या सरकारलाही विज्ञानाचा पहिला उपयोग हाच सुचला, हे आपण समाजवाद्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

परंतु फुग्याची दुसरी परंपराही आहे आणि ती आपल्या घरची आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादला फुगे सोडण्याचे केंद्र आहे. अत्यंत पातळ पॉलिथिनचे, पन्नास मीटरहून अधिक व्यासाचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर उपकरणे नेतात. काम संपले की उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. ती तेलंगणात किंवा कर्नाटकात पडतात, तशी कधी आपल्या सोलापूरकडच्या शिवारातही पडू शकतात. म्हणून हंगामाआधी जाहीर निवेदन निघते : या वस्तूंना हात लावू नका; जवळच्या पोलीस ठाण्याला, टपाल कचेरीला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवा. दिवंगत जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ साली याच केंद्रातून सोडलेल्या फुग्याने एकेचाळीस किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. उंचावरच्या हवेत सूक्ष्म जीव आहेत काय, हा प्रश्न होता. नंतरच्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, आणि त्या तपासात पुण्याच्या प्रयोगशाळेचाही वाटा होता. वायू तोच, फुगा तसाच. फरक एवढाच की, इथे ज्याच्या शेतात तो उतरणार त्या शेतकऱ्याला आधी सांगितले जाते.

ही ‘आधी सांगण्या’ची गोष्ट इंधनाच्या बाबतीत मात्र घडताना दिसत नाही.

हायड्रोजन फुग्यात भरतात तो हलका म्हणून. एक घनमीटर हायड्रोजन सुमारे एक किलो शंभर ग्रॅम वजन उचलतो. इंधन म्हणून मात्र हाच गुण दोष ठरतो. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे तेहतीस युनिट ऊर्जा असते, पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. जाहिरातदार इथेच थांबतात. तो एक किलो वायू नेहमीच्या दाबाला अकरा हजार लिटर जागा व्यापतो, हे ते सांगत नाहीत. म्हणजे पाणीवाल्याचा मोठा टँकर भरून वायू घेतला तरी वजन एक किलो! तो गाडीत बसवायचा तर हवेच्या दाबाच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबावा लागतो, आणि दाबायलाही वीज लागते.

मुळात हायड्रोजन खाणीतून कोळशासारखा काढला जात नाही, तो तयार करावा लागतो. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासून होतो. नैसर्गिक वायूपासून केला तर एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. पाण्याचे विजेने विघटन करून केला, आणि ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असली, तर त्याला ‘हरित’ म्हणतात. किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज खर्ची पडते. तोच वायू दाबून, वाहून नेऊन, बसमधील इंधनघटातून पुन्हा वीज केली, तर शंभर युनिटांपैकी चाकापर्यंत तीसेक पोचतात. उलट आपली विरार लोकल तारेतून थेट वीज घेते. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. २०२२ साली पुण्यात देशी बनावटीच्या इंधनघटावर चालणारी बस दाखवण्यात आली. संशोधन म्हणून तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण जिथे तार पोचते किंवा बॅटरी पुरते तिथे हायड्रोजन म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे.

मग हा वायू निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. खतासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनशिवाय होत नाही, आणि कोळशाविना पोलाद करायचे तर हायड्रोजन हा मोठा मार्ग आहे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अलिबागजवळच्या थळचा कारखाना गेली चाळीस वर्षे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून अमोनिया करीत आला आहे. कोकणाला हे तंत्र ठाऊक आहे, कामगार तयार आहेत आणि कारखाना सार्वजनिक मालकीचा आहे. हरित हायड्रोजनचा पहिला हक्क कोणाचा, असे मला विचाराल तर मी थळकडे बोट दाखवीन, रस्त्यावरच्या मोटारींकडे नव्हे.

आता पैशाकडे येऊ. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली : १९,७४४ कोटी रुपये, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट. यांपैकी १७,४९० कोटी उत्पादकांना प्रोत्साहन म्हणून द्यायचे आहेत, तर संशोधनासाठी आहेत ४०० कोटी. शंभरातले सुमारे एकोणनव्वद रुपये कारखानदाराला आणि दोन रुपये प्रयोगशाळेला! महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या जुलैत ८,५६२ कोटींचे स्वतःचे धोरण मंजूर केले. त्यात वीजवहनाच्या शुल्कात सवलती आहेत. वीजवहनाची तूट अखेर कोणाच्या तरी बिलातून भरून निघते. धोका जनतेने पत्करायचा आणि मालकी खासगी, ही रीत आपण पूर्वीही पाहिली आहे. सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या प्रकल्पात त्या प्रमाणात सार्वजनिक भागभांडवल असले पाहिजे, ही मागणी आपण का करू नये?

पाण्याविषयी आपल्या काही मित्रांच्या भाषणांत अतिशयोक्ती होते, तीही दुरुस्त केली पाहिजे. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते. देशाच्या सगळ्या ५० लाख टनांना दिवसाकाठी सुमारे १२ कोटी लिटर होतात. सूर्या योजनेतून एकट्या वसई-विरारला मंजूर झालेले पाणी दिवसाला साडेअठरा कोटी लिटर आहे. शुद्धीकरण आणि शीतकरण धरून आकडा दुप्पट-तिप्पट केला तरी हायड्रोजनमुळे देश तहानेने मरेल, असे म्हणता येत नाही. खोट्या आकड्यावर उभी राहिलेली चळवळ पहिल्याच चर्चेत कोसळते. खरे ओझे विजेचे आहे : ५० लाख टनांना सुमारे २५० अब्ज युनिट लागतील. २०२३-२४ मध्ये देशात निर्माण झालेल्या एकूण विजेचा हा जवळजवळ सातवा भाग होतो. तेवढी नवी वीज उभी राहण्याआधीच कारखाने सुरू झाले, तर ते कोळशाचीच वीज ओढतील आणि ‘हरित’ हे विशेषण कागदावर राहील.

पाण्याचा प्रश्न एकूण आकड्याचा नसून जागेचा आहे, आणि इथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण व कवडासचा बंधारा आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले. पुढे ते पाणी शहरांकडे वळले. डहाणू-विक्रमगडच्या शेतकऱ्याने विरोध केला तेव्हा आपण, नळाची वाट पाहणारे विरारकर, काय बोललो? फार थोडे बोललो. मीही त्यात आहे. उद्या याच जिल्ह्यात, बंदराच्या आणि विजेच्या आसऱ्याने, हायड्रोजनचा कारखाना आला तर पाण्याच्या वाटणीतला तिसरा वाटेकरी तो असेल, आणि त्याच्यामागे सरकारी सवलतीचे बळ असेल. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. देशासाठी वीज, असे त्यांना सांगितले होते. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे न्यायालयात चालल्या.

तेव्हा येत्या महिन्यात आपण दोन कामे हाती घ्यावीत, असे मी सुचवतो. राज्याच्या हायड्रोजन धोरणाखाली कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या धरणाच्या पाण्यावर, किती विजेचे करार झाले याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. आणि ती हाती आल्यावर विक्रमगडच्या मित्रांना इथे बोलवण्याऐवजी आपण त्यांच्याकडे जावे. सकाळची पहिली बस साडेसहाच्या सुमारास मिळते, असे मला सांगण्यात आले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.