मुख्यमंत्र्यांची कॉलेजं

आपल्या पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या विधी महाविद्यालयानं महाराष्ट्राला पहिले मुख्यमंत्री दिले. यशवंतराव चव्हाण १९४१ मध्ये इथूनच एलएल. बी. झाले. पुढे विलासराव देशमुखही इथेच कायदा शिकले. शरद पवार जवळच्याच बीएमसीसी या वाणिज्य महाविद्यालयाचे. पृथ्वीराज चव्हाण मात्र अभियंते, पिलानी आणि अमेरिकेतल्या बर्कलीत शिकलेले.

आणि वसंतदादा पाटील? शालेय शिक्षण जेमतेमच. पण १९८३ मध्ये खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती दादांच्याच सरकारनं! तोवर आपली कितीतरी मुलं देणगी मोजून कर्नाटकात प्रवेश घेत. नंतर इथल्या शुल्कावरूनही पुष्कळ वाद झाले, आणि ते रास्तच होते. तरी पुण्याच्या आयटी कंपन्यांना अभियंते मिळाले, ते बरेचसे याच महाविद्यालयांतून.